देवापुढे हात जोडवत नाहीत

पत्र :

माझा नऊ वर्षांचा मुलगा गेल्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. उपचार चालू असतानाच फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला आणि चार दिवसांत सगळे संपले. सासूबाईंचे गुडघे धरल्यापासून घरातली पूजा माझ्याकडे आहे. मी अजूनही रोज देवघरात दिवा लावते, फुले वाहते, नैवेद्य दाखवते; फक्त हात जोडत नाही. ही फसवणूक आहे का? देव सर्वशक्तिमान आहे असे लहानपणापासून ऐकत आले. मग त्याला हे थांबवता येत होते आणि तरी त्याने थांबवले नाही, असाच अर्थ होतो ना? अशाची पूजा का करायची? यजमानांच्या आत्याबाई म्हणतात, पूर्वजन्मीचे काहीतरी असेल, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून घ्या. मुलगा बरा व्हावा म्हणून सासूबाई सप्तशृंगीला नवस बोलल्या होत्या, तो तसाच राहिला याचे त्यांनी भय घेतले आहे. चौथीतली मुलगी विचारते, ‘दादाला देवाने का नेले?’ आणि खरे सांगायचे तर मलाही भीती वाटते की, मी पूजा सोडली आणि हिला काही झाले तर?

— एक आई, सिडको, नाशिक

उत्तर :

ताई,

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देते आणि कारणे मागून सांगते. केवळ शक्ती आहे म्हणून कोणीही पूजेला पात्र होत नाही. ज्याच्या हातात सर्व काही आहे, ज्याला सर्व काही कळते आणि तरीही जो नऊ वर्षांच्या मुलाचे असे होऊ देतो, त्या देवापुढे हात न जोडण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि त्यात कोणतेही पाप नाही. शक्तीपुढे माणूस भीतीनेही वाकतो. पूजेसाठी मात्र, ज्याच्यापुढे वाकायचे त्याच्या चांगुलपणाची खात्री असावी लागते, आणि नेमकी तीच तुमच्या मनातून उडाली आहे. देव आहे की नाही हा प्रश्न निराळा आहे. तो तुम्ही विचारलेला नाही, म्हणून मीही त्यात शिरत नाही.

आत्याबाईंना हा उद्धटपणा वाटत असेल, तर त्यांनी एकदा महाभारतातले वनपर्व उघडावे. राज्य गेलेले, भर सभेत झालेली विटंबना अंगावर घेतलेली द्रौपदी तिथे धर्मराजाला स्वच्छ सांगते की, विधाता प्राणिमात्रांशी आईबापांसारखा वागत नाही, लहान मूल खेळण्यांशी खेळते तसा तो आपल्याशी खेळतो. युधिष्ठिर हे बोलणे नास्तिकपणाचे ठरवतो, पण मी फळासाठी धर्म आचरत नाही, धर्माचा व्यापार करणारा हीन होय, असेही बजावतो. पुढे द्रौपदी म्हणते की, मी दुःखाने पोळलेली आहे म्हणून असे बोलते आहे. या बोलण्याबद्दल तिला कुठलाही शाप मिळत नाही, कोणी तिला प्रायश्चित्त सांगत नाही. आपल्या परंपरेने हा राग ग्रंथात लिहून ठेवला आहे, गाळून टाकलेला नाही.

आता पूर्वजन्माविषयी. तुम्हाला सर्वांत अधिक जखम याच उत्तराने केली आहे असे पत्रावरून दिसते, म्हणून त्याबद्दल जरा विस्ताराने लिहिते. सृष्टी निर्माण करणारा ईश्वर मानला तर पक्षपात आणि निर्दयता हे दोन दोष त्याच्यावर येतात, हा आक्षेप वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांनी स्वतःच विचारात घेतला आहे. त्यावर त्यांचे उत्तर असे की, ईश्वर जिवांच्या कर्मांनुसारच फळ देतो, म्हणून दोष त्याच्याकडे जात नाही. शंकराचार्यांनी भाष्यात पावसाची उपमा दिली आहे: पाऊस सर्वांवर सारखाच पडतो, भात उगवायचा की जव हे बीजावर ठरते. (ऐन काढणीच्या तोंडावर अवकाळी पावसाने बाग गेलेल्या निफाडच्या द्राक्ष बागायतदाराला ही उपमा कितपत पटेल, हा भाग वेगळा.) या उत्तराने देव सुटतो, हे मान्य करू, पण मग तो सर्वशक्तिमान उरत नाही, कारण कर्माचा हिशेब त्यालाही बदलता येत नाही. आणि त्याला बदलता येत नसेल, तर तीन दिवसांच्या एका विधीने तो कसा फिरतो, हे आत्याबाईंनीच सांगावे. याहून वाईट गोष्ट अशी की, देवावरचा आळ जो उठतो तो थेट तुमच्या मुलावर जाऊन बसतो. त्याला ज्याची आठवण नाही, ज्याचा पुरावा कोणापाशी नाही, अशा गुन्ह्याची शिक्षा त्याने भोगली असे म्हणायचे, आणि तेही त्याच्या आईच्या तोंडावर, याला मी सांत्वन म्हणू शकत नाही.

याच आजाराच्या इतिहासाकडे पाहिले तर पूर्वजन्माचे स्पष्टीकरण टिकतही नाही. लहान मुलांमध्ये ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा, जो प्रकार सर्वांत जास्त आढळतो, त्यावर गेल्या शतकाच्या पूर्वार्धात गुणकारी इलाज नव्हता. निदान झाले की मूल बहुधा काही महिन्यांत जाई. १९४८ साली अमेरिकेत बॉस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधाने काही मुलांचा आजार तात्पुरता का होईना मागे हटल्याचे प्रसिद्ध केले. पुढे एकेक औषध हाती येत गेले, ती एकत्र आणि टप्प्याटप्प्याने देण्याच्या पद्धती बसत गेल्या, आणि आज प्रगत देशांत या प्रकारच्या दहापैकी आठांहून अधिक मुले बरी होतात. आपल्याकडे हे प्रमाण कमी आहे. निदानाला होणारा उशीर, अर्ध्यावर सुटणारे उपचार आणि उपचारांनी प्रतिकारशक्ती खालावलेली असताना होणारे जंतुसंसर्ग ही त्याची ठळक कारणे आहेत. आता आत्याबाईंना विचारा: हा आजार पूर्वजन्मीच्या पापाने होत असेल, तर १९४८ नंतर जन्मलेल्या मुलांची पापे एकाएकी हलकी झाली काय, आणि ती बॉस्टनमध्ये नाशिकपेक्षा लवकर हलकी होतात काय?

या ठिकाणी आणखी एक गोष्ट सांगते, कारण तुम्ही ती लिहिली नसली तरी ती तुमच्या मनात असणार. बहुतेक मुलांना हा आजार का होतो, याचे एखादे बोट दाखवता येईल असे कारण सापडत नाही. रक्तपेशी घडताना जनुकांत बिघाड होतो आणि त्या पेशी बेसुमार वाढू लागतात; आईने गरोदरपणात काय खाल्ले, कोणता उपास मोडला, कोणाचा तळतळाट घेतला, याचा त्याच्याशी संबंध नाही. उपचारांदरम्यानचा जंतुसंसर्ग हाही जगभर ठाऊक असलेला आणि सर्व काळजी घेऊनही गाठू शकणारा धोका आहे. तुम्ही कुठे कमी पडलात म्हणून तो आला, असे मनात घेऊ नका.

आत्याबाई मनाने वाईट असतील असे मला वाटत नाही. कारणाशिवाय असे काही घडू शकते हे मान्य करणे भल्याभल्यांना जड जाते. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा ती अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वराने दिलेली शिक्षा आहे असे खुद्द गांधीजी म्हणाले होते, आणि रवींद्रनाथ टागोरांना त्याला जाहीर हरकत घ्यावी लागली होती. गांधीजींचा हेतू चांगला होता, तरी ढिगाऱ्याखाली गेलेल्या मुलांना त्याचा काय उपयोग?

बाकीची उत्तरे मी लवकर बाजूला ठेवते. देव परीक्षा पाहतो, असे कोणी म्हणेल. ज्याला सर्व आधीच कळते त्याला परीक्षेची गरज काय? दुःखातून माणूस शिकतो, असे कोणी म्हणेल. तुम्हाला काही शिकवण्यासाठी तुमच्या मुलाचा वापर झाला असेल, तर तो शिक्षक मला नको. माणसाला निवडीचे स्वातंत्र्य दिले म्हणून जगात दुःख आहे, हे युद्धाबद्दल आणि खुनाबद्दल थोडेफार खरे ठरेल, रक्तातल्या पेशींबद्दल नाही. देवाची लीला आपल्याला कळत नाही, हे शेवटचे उत्तर प्रामाणिक आहे एवढे मी मान्य करते. पण जे कळत नाही त्याच्याबद्दल गप्प राहता येते. ते चांगलेच आहे असे ठरवून त्याचे गुण गाता येत नाहीत.

यावर तुम्ही विचाराल की, मग इतकी माणसे पूजा करतात ती सगळी भोळी आहेत का? तसे मी म्हणणार नाही. विश्वाच्या सर्वाधिकाऱ्याला चांगल्या वागणुकीचे प्रशस्तिपत्र द्यावे म्हणून आपल्याकडची बहुतेक माणसे देवघरासमोर बसतच नाहीत. ती बसतात ती कोणाशी तरी बोलायला, आणि प्रसंगी भांडायलाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकारामांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली आणि व्यापार बुडाला. ‘माझ्या लेखी देव मेला, असेल त्याला असो’ असे सुनावणारा अभंग त्यांच्या गाथेत आहे, आणि वारकरी आजही त्यांना डोक्यावर घेतात. ते पुन्हा विठ्ठलाकडे वळले म्हणून तुम्हीही वळाल, असे भाकीत मी करणार नाही. तुम्हाला सर्वशक्तिमान नसलेला, पण दुःखात सोबतीला बसणारा असा कोणी देव पुढेमागे मानावासा वाटला, तर माना; नाही वाटला, तर त्यातही काही कमीपणा नाही.

आता भीतीविषयी. तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटली. पूजा सोडली म्हणून जो तुमच्या मुलीला इजा करील, तो देव असला तरी गुंडच म्हटला पाहिजे, आणि हप्ता देऊन गुंडापासून फार काळ संरक्षण मिळत नसते. पूजा चालू असतानाच तुमचा मुलगा गेला, हे तुम्ही पाहिलेच आहे. तुम्ही राहता त्या शहरात या भीतीची तपासणी होऊन गेली आहे. पंचवटीतल्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. काही वर्षे झगडूनही दार उघडले नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात, मी हिंदू म्हणून मरणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. १९५६ साली नागपुरात धर्मांतर करताना लाखो माणसांनी जुन्या देवांची पूजा करणार नाही अशी प्रतिज्ञा घेतली. त्यांची आजची नातवंडे-पतवंडे तुमच्या आजूबाजूला आहेत, शिकली आहेत, डॉक्टर झाली आहेत. कोणत्या देवाने त्यांच्या घरांवर सूड उगवला? जगात कोणाच्याही घरी मूल आजारी पडू शकते, पूजा करणाऱ्याच्या आणि न करणाऱ्याच्याही. मुलीच्या काळजीने झोप लागत नसेल, तर तिच्या भावावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एकदा भेटून तिच्याबद्दलच्या सगळ्या शंका विचारून घ्या. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

हात न जोडता दिवा लावणे ही फसवणूक नाही. तो दिवा तुम्ही सासूबाईंसाठी लावता, त्यांना खाली बसवत नाही म्हणून, आणि हे तुम्हाला व त्यांना दोघींनाही ठाऊक असणार. तरीही एकदा स्पष्ट बोला. दुपारी घरात कोणी नसताना त्यांच्याजवळ बसून म्हणा, “आई, मला सध्या देवापुढे हात जोडवत नाहीत. तुमची पूजा मी मोडणार नाही, पण मला त्यात धरू नका.” त्यांनीही नातू गमावला आहे, त्यांच्या मनातही हाच राग असून तो बोलायची त्यांना चोरी झाली असेल, अशी मला दाट शंका आहे. जमत असेल तर देवघर खालून उचलून त्यांना खुर्चीत बसून हात पोहोचेल एवढ्या उंचीच्या टेबलावर घ्या. त्यांची पूजा त्यांना परत मिळेल आणि तुमच्यावरचे ओझे उतरेल.

मुलीला मात्र नीट आणि खरे सांगावे लागेल. ‘तो देवाला आवडला म्हणून देवाने नेला’ हे वाक्य मोठ्यांना गोड वाटते, पण चौथीतले मूल त्यावरून सरळ हिशेब मांडते की, आपण चांगले वागलो तर आपणही आवडू आणि आपल्यालाही नेतील. तिला सांगा की दादाला रक्ताचा एक मोठा आजार झाला होता, डॉक्टरांनी आणि आपण सगळ्यांनी खूप प्रयत्न केले, तरी त्याचे शरीर थकले आणि तो गेला. तो आजार शिंकेसारखा एकापासून दुसऱ्याला लागत नाही, आणि तो कोणाच्या चुकीने झाला नाही, तिच्याही नाही. ही शेवटची गोष्ट न विचारता सांगा. भावाशी भांडताना कधी काही वाईट बोललो म्हणून तो गेला, असे या वयातली मुले मनात धरून बसतात आणि महिनोन्‌महिने कोणाला कळू देत नाहीत. देवाबद्दल तिने विचारले, तर ‘आजीला असे वाटते, मला अजून कळत नाही’ असे उत्तर द्यायला हरकत नाही. आजी आणि आई यांची मते वेगळी असू शकतात, हे त्या वयाला समजते.

नारायण नागबळीला माझा विरोध आहे, आणि तो खर्चापुरता नाही. तो विधी करणे म्हणजे घरावर काही दोष होता आणि त्यापायी मुलगा गेला, हे तुम्ही आणि तुमच्या यजमानांनी सहीनिशी कबूल केल्यासारखे होईल. हे आत्याबाईंना सांगण्याचे काम तुमचे नाही, तुमच्या यजमानांचे आहे. आत्या त्यांची आहे. त्यांनी आदराने पण एकदाच सांगावे, आणि पुढच्या वेळी विषय निघाला की तिथून उठावे.

राहता राहिला नवस. सासूबाईंना समजवा की नवस अटीचा असतो. नातू बरा झाला तर ओटी भरीन, असे त्या बोलल्या होत्या. अट पुरी झाली नाही, तेव्हा फेडायचे काही उरलेले नाही आणि देवीचे त्यांच्याकडे काही येणेही नाही. इतके सांगूनही त्यांचे मन मानत नसेल, तर त्यांना वणीला नेऊन आणा. गडावर आता ट्रॉलीची सोय आहे, त्यामुळे त्या गुडघ्यांनी पाचशेच्या आसपास पायऱ्या चढण्याचा प्रश्न येत नाही. यजमान त्यांच्याबरोबर वर जातील, खण-नारळाची ओटी भरून येतील. तुम्हाला जावेसे वाटले नाही तर मुलीला घेऊन खाली थांबा, आणि कोणी विचारले तर, मी येणार नाही, एवढेच सांगा.