प्लॅस्टिकचं तेल ‘क्रूड’ म्हणून विकावं का?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावानं जुन्या पिशव्या आणि पाउचपासून तेल काढायचं युनिट टाकलंय. एक व्यापारी म्हणतो, “बिलावर क्रूड ऑइल लिहा, सगळा माल उचलतो.” असं विकलं तर चालेल का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : चालणार नाही. असं बिल फाडू नको, हे भावाला आजच सांगा.

रिफायनरीच्या प्रयोगशाळेत माझी २८ वर्षं गेली. क्रूड म्हणजे जमिनीतून निघालेलं खनिज तेल. तुमचं तेल प्लॅस्टिक हवेशिवाय ४००-५०० अंशांवर तापवून, त्याची वाफ थंड करून मिळतं. दोन्ही काळपट, दोन्हींना उग्र वास, म्हणून माणूस फसतो. ओळखीच्या एका युनिटमधलं तेल मी बाटलीत भरून खिडकीत ठेवलं होतं. आणलं तेव्हा कोऱ्या चहासारखं होतं. दोन महिन्यांत काळं पडलं, तळाशी डिंकासारखा थर बसला. या तेलात ओलेफिन नावाचे, चटकन एकमेकांना जोडले जाणारे रेणू भरपूर असतात, ते आपसात जुळून डिंक धरतात. क्रूडमध्ये ते जवळपास नसतातच. शिवाय कचऱ्यात पीव्हीसी शिरलं, की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊन पाइप खातं.

व्यापाऱ्याला ‘क्रूड’ शब्दच का हवा, हेही बघा. क्रूड, पेट्रोल, डिझेल, विमानाचं इंधन आणि नैसर्गिक वायू जीएसटीबाहेर आहेत. तुमचं तेल त्यात बसत नाही. उद्या चौकशी आली तर बिलावर सही भावाची असेल, आणि मला काळजी त्याचीच वाटते.

नाव काहीही द्या, १९३४च्या पेट्रोलियम कायद्याच्या व्याख्येत ते येतंच. हलका भाग वेगळा काढला नसेल तर ठिणगी मिळताच या तेलाची वाफ २३ अंशांच्या खालीही भपकन पेट घेऊ शकते. तसं निघालं तर ते ‘अ’ वर्गात जातं आणि विक्रीसाठी साठवायला परवाना लागतो. तो देणाऱ्या ‘पेसो’चं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षितता बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं, मुख्यालय नागपुरातच आहे.

धंदा बंद करा, असं मी म्हणत नाही. पुन्हा वापरता न येणाऱ्या प्लॅस्टिकपासून तेल काढायला २०१६च्या प्लॅस्टिक कचरा नियमांत जागा आहे. हवेशिवाय तापवण्याला पायरोलिसिस म्हणतात, म्हणून बिलावर ‘प्लॅस्टिक पायरोलिसिस ऑइल’ असं स्वच्छ लिहा. प्रदूषण मंडळाची संमती असलेल्या भट्टीवाल्यालाच माल द्या. ट्रॅक्टरसाठी डिझेल म्हणून मात्र कुणालाही देऊ नका.

पुढचा घाणा निघाला की फ्लॅश पॉइंट (ठिणगीनं वाफ पेटते ते तापमान), क्लोरीन, पाणी आणि राख तपासून घ्या. नमुना काचेच्या बाटलीत न्या, प्लॅस्टिकच्या नको.