ऑक्टोबरमध्ये नवरा-बायको दोघांसाठी आठ दिवस : द्राक्षमळेही हवेत आणि मोठं शहरही. कुठे जावं?

फ्रान्समधलं वाइनसाठी प्रसिद्ध शहर बोर्दो आणि पॅरिस, डोळे झाकून. 2017पासून वेगवान रेल्वेनं हे अंतर दोन तासांच्या थोडं वर आलंय, त्यामुळे गाडी भाड्यानं घ्यायची गरज नाही.

आधी बोर्दोला चार रात्री राहा. तिथून लोकल गाडीनं सेंट एमिलियाँ पाऊण तासाच्या आत येतं. स्टेशनावर उतरलात की गाव दिसत नाही, मळ्यांमधून वीसेक मिनिटं चालावं लागतं. ते चालणं चुकवू नका! ऑक्टोबरात वेलींची पानं पिवळी-तांबूस होऊ लागलेली असतात. गावात चुनखडीच्या एकसंध खडकात कोरलेलं भूमिगत चर्च आहे; वेरूळ पाहिलेल्या माणसाला तर ते फारच जवळचं वाटतं. इथे मर्लो द्राक्ष जास्त, आणि ते कॅबर्ने सोव्हिन्याँ या दुसऱ्या जातीच्या आधी पिकतं. म्हणून तोडणी बघायची असेल तर सप्टेंबरचा शेवट गाठा. वाइनरीची भेट आधी ठरवूनच जा, आणि दिवसाला दोनच करा. चव घेऊन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात संकोच नको.

बोर्दोत कानले हा छोटा केक नक्की खा : बाहेरून काळपट कुरकुरीत, आत रम-व्हॅनिलाचा मऊ गर.

मग तीन रात्री पॅरिस. संग्रहालयांची यादी लांबवू नका; एक संध्याकाळ माँमार्त्रच्या टेकडीवर घालवा. तिथे भर शहरात 1933 साली लावलेला छोटा द्राक्षमळा आहे, ऑक्टोबरात त्याचा उत्सवही असतो. त्या दिवसांत हॉटेलं लवकर भरतात, ती आधी घ्या. शेंगेन व्हिसासाठीही दोन-तीन महिने हाताशी ठेवा.