सल्ला: स्लावच्या घराला एल आकाराचं एक्स्टेंशन परवडेल का?

प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडमधल्या स्लाव (Slough) शहरात तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेलं घर. पुण्याहून आई-बाबा दरवर्षी राहायला येणार, बाबांना जिना चढवत नाही, म्हणून तळमजल्यावर खोली आणि शॉवर हवा. मागे आधीच्या मालकाने बांधलेली अडीच मीटरची काचेची खोली आहे. बिल्डर ती पाडून मागून आणि बाजूने एल आकारात वाढवायचे ७८,००० पौंड सांगतो, ‘काउन्सिलची (स्थानिक पालिकेची) परमिशन लागत नाही’ म्हणतो आणि महिनाअखेर २५ टक्के आगाऊ मागतो. शिल्लक ५२,००० पौंड, महिन्याचा खर्च ३,५००. की सरळ ६,५०,००० चं मोठं घर घ्यावं?

आगाऊ रक्कम देऊ नका, निदान या महिन्यात तरी. कोटेशनच्या तळाशी ‘व्हॅट वेगळा’ असं लिहिलंय, ते तुमच्या नजरेतून सुटलेलं दिसतं. २० टक्क्यांनी ते १५,६०० पौंड होतात. जुन्या घराला हात लावला की काही ना काही निघतंच, त्यासाठी आणखी दहा टक्के धरले की आकडा १,०३,००० च्या घरात जातो. शिल्लकीतले सहा महिन्यांच्या खर्चाचे २१,००० बाजूला ठेवले तर हातात उरतात ३१,०००. म्हणजे तुम्ही २६,००० चं वाढीव कर्ज मनात धरलंय, प्रत्यक्षात लागेल ते सुमारे ७२,००० चं.

आता परमिशनचं. सेमी-डिटॅच्ड घराला मागे एकमजली ३ मीटरपर्यंत परवानगीशिवाय वाढवता येतं. पण हे ३ मीटर मूळ घराच्या मागच्या भिंतीपासून मोजतात, आणि मूळ घर म्हणजे १ जुलै १९४८ रोजी होतं तसं, किंवा नंतरचं असेल तर पहिल्यांदा बांधलं तसं. तुमच्या बिल्डरने टेप काचेच्या खोलीच्या दारापासून लावलाय, म्हणजे खरी लांबी साडेपाच मीटर. नुसतं मागे ६ मीटरपर्यंत जायचं असेल तर काउन्सिलकडे ‘प्रायर अप्रूव्हल’, म्हणजे साधी पूर्वमंजुरी, मागता येतं. त्यात शेजाऱ्यांना हरकतीसाठी २१ दिवस मिळतात. पण तुमचा एल बाजूच्या भिंतीपलीकडे जातो आणि त्याची रुंदी मूळ घराच्या निम्म्याहून जास्त होते. तिथे प्रायर अप्रूव्हलने भागत नाही, रीतसर प्लॅनिंग परमिशनच घ्यावी लागते. एप्रिल २०२५ मध्ये तिची फी ५२८ पौंड होती आणि निर्णयाला साधारण आठ आठवडे लागतात. लाखाच्या कामात ही फी किरकोळच. विनापरवाना बांधलंत तर मात्र काउन्सिल दहा वर्षांपर्यंत कारवाई करू शकते, आणि घर विकताना समोरचा सॉलिसिटर (वकील) पहिला कागद हाच मागेल.

माझं मत विचाराल तर एल सोडा. काचेची खोली पाडून मागे ३ मीटर, घराच्या मूळ रुंदीइतकंच बांधा. एक खोली आणि छोटा शॉवर त्यात बसतो. मधल्या खोलीतला उजेड कमी होईल, तेव्हा छतात खिडकी सांगा. व्हिजिटर व्हिसावर आई-बाबा एका खेपेला सहा महिन्यांहून जास्त राहू शकत नाहीत. उरलेले महिने जी खोली तुम्हीच वापरणार, तिच्यासाठी ७२,००० चं कर्ज मला पटत नाही. परमिशन लागत नसली तरी ‘लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट’, म्हणजे बांधकाम कायदेशीर असल्याचा काउन्सिलचा दाखला, घ्या. त्याची फी प्लॅनिंग परमिशनच्या निम्मी आहे. बिल्डिंग रेग्युलेशन्सची, म्हणजे बांधकामाच्या दर्जाच्या नियमांची, मंजुरी वेगळी, ती कुठल्याही परिस्थितीत लागतेच.

मोठ्या घराचं म्हणाल तर ६,५०,००० वर २२,५०० पौंड नुसती स्टॅम्प ड्युटी. शिवाय एजंट, सॉलिसिटर आणि सध्याच्या गृहकर्जाचा फिक्स्ड दर मुदतीआधी मोडल्याचा दंड. हे पैसे कुठल्याच भिंतीत दिसत नाहीत. खाली एक खोली हवी म्हणून घर बदलू नये. मुलांच्या शाळेसाठी बदलणार असाल तर गणित निराळं.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत पॅटिओवर (मागच्या फरसबंद अंगणात) मॅनहोलचं झाकण दिसतंय. दोन घरांचा सामाईक सांडपाण्याचा ड्रेन १ ऑक्टोबर २०११ पासून बहुधा पाणी कंपनीच्या मालकीचा झालाय, आणि त्याच्या ३ मीटरच्या आत बांधायचं तर तिची संमती लागते. नवं कोटेशन मागवण्याआधी हे विचारून घ्या. ड्रेन हलवायची वेळ आली तर खर्च तुमचाच.

शेजारच्या आजींना पार्टी वॉल (सामाईक भिंत) कायद्याची नोटीस जाईल. पायाच्या खोदाईसाठी ती एक महिना आधी द्यावी लागते, सामाईक भिंतीला हात लावणार असाल तर दोन महिने. चौदा दिवसांत उत्तर आलं नाही तर वाद आहे असं धरलं जातं, आणि दोन्ही बाजूंच्या सर्व्हेयरचे पैसे सहसा तुमच्याच खिशातून जातात. तेव्हा नोटीस पोस्टाने टाकण्याआधी नकाशा घेऊन त्यांच्याकडे चहाला जा. त्यांनी लेखी होकार दिला तर सर्व्हेयर नेमायची वेळच येत नाही. मग बिल्डरला सांगा: पाया झाला की पहिला हप्ता, छत झालं की दुसरा, आणि काही रक्कम कम्प्लीशन सर्टिफिकेट (काम नियमांनुसार पूर्ण झाल्याचा दाखला) हातात पडल्यावर. कबूल नसेल तर दुसरा बिल्डर बघा.