मित्रांसोबत मुंबईची अर्धमॅरेथॉन

प्रश्न : आम्ही नागपूरचे चार मित्र जानेवारीत प्रथमच मुंबईच्या अर्धमॅरेथॉनमध्ये धावणार आहोत. किती आधी पोहोचावे, कुठे उतरावे आणि चौघांनी एकत्र धावावे का?

उत्तर : शर्यतीच्या दिवशी, म्हणजे रविवारी, बिब (छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक) मिळत नाही, तो आधीच्या दिवसांत स्वतः जाऊन घ्यावा लागतो, म्हणून शुक्रवारीच पोहोचावे. अलीकडच्या वर्षांत अर्धमॅरेथॉन माहीमहून पहाटे सुटून दक्षिण मुंबईत संपते, त्यामुळे दादर-माहीम परिसरात उतरणे सोयीचे ठरते. नागपूरच्या कोरड्या थंडीत सराव केलेल्यांना मुंबईची दमट हवा अनपेक्षितपणे थकवते. पहिले काही किलोमीटर नेहमीपेक्षा सावकाश धावावे, कारण पेडर रोडचा चढ पाय दमल्यावरच समोर येतो. एकत्र धावण्याचा हट्ट मात्र मला पटत नाही. चौघांचा वेग सारखा नसेल, तर मागचा धापा टाकतो आणि पुढचा मनातल्या मनात चिडतो. शर्यतीनंतर भेटण्याची जागा आधीच ठरवावी, कारण त्या गर्दीत फोन लागेलच असे नाही. वडापावचा मोह (तो होणारच!) रविवारी दुपारपर्यंत आवरावा.