एलिक्झिर, अक्सीर आणि झेरॉक्स

‘एलिक्झिर ऑफ लाइफ’ म्हणजे आयुष्य वाढवणारं कल्पनेतलं औषध. त्यातलं ‘एलिक्झिर’ म्हणजे आपलं ‘अक्षर’च ना, जे झिजत नाही ते? असा प्रश्न आलाय. जुळवणी झकास आहे, पण नाही. मराठीत त्याचा सख्खा भाऊ आहे तो वेगळाच: ‘खोकल्यावर अक्सीर इलाज’ म्हणतो ना, त्यातला ‘अक्सीर’, म्हणजे हमखास गुणकारी.

मूळ ग्रीक. ‘क्सेरोस’ म्हणजे कोरडा आणि ‘क्सेरिऑन’ म्हणजे जखमेवर भुरभुरायची कोरडी पूड. अरबीत त्याचं ‘इक्सीर’ झालं आणि पूड वैद्याच्या बटव्यातून किमयागाराच्या मुशीत गेली. हलक्या प्रतीचा धातू म्हणजे जणू आजारी सोनं. त्यावर इक्सीर टाकली की तो बरा होऊन सोनं होणार! मग माणसालाच का सोडा? आयुष्य वाढवण्याचा अर्थ या ओढीतून चिकटला.

बाराव्या शतकात अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरं होऊ लागली, तेव्हा शब्दासोबत ‘अल’ हे अरबी उपपदही गेलं. अल-इक्सीरचं एलिक्झिर. अल्जिब्रा, अल्कोहोलमध्ये हाच ‘अल’ बसलाय. त्याचा अर्थ इंग्रजी ‘द’सारखा, म्हणजे ‘द एलिक्झिर’ म्हणणारा ‘द’ दोनदा म्हणतो. आपल्याकडे शब्द फारसीच्या वाटेने आला, म्हणून ‘अल’ गळला. ‘किमया’चंही तसंच; इंग्रजीत मात्र ती ‘अल्केमी’.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी कवी चॉसर परिसालाच एलिक्झिर म्हणतो. म्हणजे तेव्हाही ती पातळ वस्तू नव्हती. पुढे औषधशास्त्रात अल्कोहोलमधल्या गोडसर औषधाला हे नाव पडलं. कोरड्या पुडीचं झालं सिरप!

हा अर्थ एकदा कायद्याच्या कामी आला. 1937 साली अमेरिकेत ‘एलिक्झिर सल्फानिलामाइड’ नावाच्या औषधाने शंभरावर माणसं दगावली. त्यात अल्कोहोल नव्हतंच, डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. विषारी औषध विकण्याविरुद्ध तेव्हा धड कायदा नव्हता; सरकारने माल जप्त केला तो ‘अल्कोहोल नसताना एलिक्झिर म्हटलं’ या मुद्द्यावर. कडक कायदा 1938 साली आला.

आणि ‘क्सेरोस’चा कोरडेपणा जसाच्या तसा हवा असेल तर कोपऱ्यावरच्या दुकानात जा. शाईचं पाणी न लावता, कोरड्या पुडीने छापतात, म्हणून ती ‘झेरॉक्स’.