उदाहरणं भरपूर, गुण मात्र कमी

प्रश्न : मुलगी 'एपी इंग्लिश लँग्वेज' या अमेरिकी परीक्षेची तयारी करतेय. युक्तिवादाच्या निबंधात भरपूर उदाहरणं देते, तरी ६ पैकी ३ च गुण पडतात. चुकतं कुठे?
– एक पालक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : त्या ६ गुणांपैकी १ ठाम भूमिकेला, ४ पुरावा आणि त्याच्या उकलीला, १ विचारांच्या खोलीला. गळती बहुधा त्या चारांतच होते. समजा सरावाला तिने लिहिलं, 'रामकुंडाजवळच्या नदीपात्रातलं काँक्रीट काढावं, कारण त्याने तळाचे झरे बुजतात,' आणि लगेच पुढच्या उदाहरणाकडे वळली. झरे बुजले तर काय बिघडतं, आणि त्यावरून काँक्रीट काढणंच योग्य कसं ठरतं, हे दोन-तीन वाक्यांत तिनेच सांगायला हवं. परीक्षक ते मनाने जोडून घेत नाहीत. म्हणून पाचऐवजी दोनच उदाहरणं घ्यावीत, पण शेवटपर्यंत न्यावीत.

'काही लोक म्हणतात' एवढ्यावर विरोधी बाजू उरकू नये. सपाट तळावर भाविकांना नीट उभं राहता येतं, हा मुद्दा खरा आहे. तो मान्य करून मगच आपलं म्हणणं पुढे रेटावं.

वेळ ४० मिनिटं. त्यातली ७-८ आराखड्याला द्यावीत. 'प्राचीन काळापासून मानव...' छापाची प्रस्तावना सरळ गाळावी.