बारा लाखांची गॅलरी आणि बारावीतली मुलगी

वेंगुर्ल्याहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी सायन्सला, सहामाहीत ५८ टक्के. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए ग्रेड. दरवर्षी शेजारच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, मूर्तींचे डोळे आखते. सागरेश्वरच्या रस्त्यावर जांभ्याचं जुनं घर रिकामं पडलंय. तिथं १२ लाखांचं कर्ज काढून तिला आर्ट गॅलरी थाटून द्यायची. ‘पर्यटक वाढलेत, पोरगी नजरेसमोर राहील.’ त्यांचा प्रश्न एवढाच, की गॅलरीसाठी तिनं कोणता कोर्स करावा?

नमस्कार.

तुमच्या पत्रात खोलीचं माप आहे, बँकेचा व्याजदर आहे, रंगाऱ्याचा अंदाजही आहे. मुलीला काय हवंय, याचं एक वाक्य नाही. टक्के कमी पडले म्हणून तुम्ही तिला रागावला नाहीत, हे चांगलंच. पण इंजिनिअरिंगसाठी रेटणारा बाप आणि गॅलरीत बसवणारा बाप यांत मला फारसा फरक दिसत नाही. पहिला निदान पोरीला गावाबाहेर तरी पाठवतो. ‘नजरेसमोर राहील’ हे दुकान काढायचं कारण नव्हे. अठराव्या वर्षी हप्त्याचं ओझं डोक्यावर आलं, की ती घरातून हलणार नाही, आणि हेच तुम्हाला हवं असेल तर तसं स्पष्ट म्हणा. त्यात कलेला ओढू नका.

दुसरं, छान चित्र काढणारी मुलगी गॅलरी छान चालवेल, हा समज सोडा. गॅलरी हा व्यापार आहे, तोही बहुतेक वेळा दुसऱ्याच्या मालाचा. चित्रकार चित्र ठेवून जातो, विकलं तर ३० ते ५० टक्के कमिशन तुमचं. फ्रेमचा खर्च कुणाचा, वाटेत काच फुटली तर भरपाई कुणाची, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे द्यायचे, हे आधी कागदावर नसेल तर पहिल्याच वर्षी भांडणं होतात. चित्र विकलं तरी त्याचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो. त्याची भेटकार्डं छापायची तर त्याची लेखी परवानगी लागते. दुसऱ्याच्या वतीनं एजंट म्हणून विकताना जीएसटीची उलाढालीची सूट मिळेलच असं नाही, तेव्हा सीएला आधी विचारा. आता हिशेब बघा. चित्राची किंमत सरासरी ८,००० धरली, कमिशन ४० टक्के, म्हणजे हातात ३,२००. वीज, मदतनीस, छपाई मिळून महिन्याला २५,००० आणि ११ टक्क्यांनी नुसतं व्याज ११,०००. म्हणजे महिन्याला अकरा-बारा चित्रं विकली गेली पाहिजेत. जुलैतसुद्धा. समुद्रावर आलेला माणूस काजू, कोकम, फार तर सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं घेऊन जातो. आठ हजारांचं चित्र गाडीच्या डिकीत घालणारा विरळा.

आणि पाऊस. तो तुमच्या पत्रात कुठेच नाही, याचं आश्चर्य वाटलं. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर, कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी धरते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती बहुतेक वेळा ८५ च्या आसपास असते. जांभा पाणी पितो, गिलाव्याला पोपडे येतात. म्हणून भिंतीला थेट चित्र लावायचं नाही. पट्ट्या ठोकून दोन इंच पोकळी सोडायची, वर बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय आणि त्यावर चित्रं, तीही मागे बुचाचे तुकडे लावून थोडी सुटी. खिळे-हुक ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यायचे. साधं लोखंड खाऱ्या वाऱ्यात गंजतं आणि त्याचे तपकिरी ओघळ खाली उतरतात. काच कागदाला टेकली तर कागद चिकटतो, त्यामुळे मधे अ‍ॅसिड-फ्री माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच. ‘एसी लावू’ असं तुम्ही म्हणाल. दिवसा एसी, रात्री बंद, हे सगळ्यात वाईट: थंड झालेल्या काचेवर रात्रीची दमट हवा पाणी धरते. लागतो तो हवेतला ओलावा ओढणारा डीह्युमिडिफायर, रात्रंदिवस चालणारा. आणि पावसात वेंगुर्ल्याची वीज किती वेळ टिकते हे तुम्हीच जाणता.

आता मुद्द्याची गोष्ट, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत. ती मूर्तींचे डोळे आखते. कारखानदार चतुर्थीच्या तोंडावर नवख्याच्या हाती डोळे देत नाही. हा हात शिल्पाकडे जाऊ शकतो, हे कुणी तिला सांगितलंय का? बीएफए या कलेच्या पदवीसाठी कलेची सीईटी असते: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान. अर्ज सुटले की भरा. मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय दूर वाटत असेल तर चिपळूणजवळ सावर्ड्याचं सह्याद्री कला महाविद्यालय आहे, कोकण रेल्वेच्या वाटेवर. जागा, शुल्क आणि राहण्याची सोय तिथं जाऊन विचारा, तिला बरोबर घेऊन. कलाशिक्षक पदविका हा दोन वर्षांचा तिसरा रस्ता, नोकरीच हवी असेल तर.

गॅलरीचा किडा तुमच्या डोक्यात वळवळत असेलच, तर कर्ज न काढता बघा. बोर्डाची परीक्षा संपली की मे महिन्यात वीस दिवस त्या घराच्या ओटीवर चित्रं मांडा: ए-फोरपेक्षा मोठं काही नको, ५०० ते २,००० रुपयांत, पुठ्ठ्यात सपाट बांधून. किती थांबले, किती जणांनी दर विचारला, किती जणांनी घेतलं, हे तीन आकडे रोज लिहा. त्याआधी एकदा कुडाळजवळ पिंगुळीला जा; तिथल्या परशुराम गंगावणे यांना चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांच्या परंपरेसाठी २०२१ ची पद्मश्री जाहीर झाली. आलेल्या माणसाला तिथं काय दाखवतात, किती वेळ धरून ठेवतात, ते नीट पाहा.

मग हजारभर रुपयांच्या आतला एक हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं यंत्र, आणून त्या खोलीत टांगा आणि जून ते सप्टेंबर सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. ही वही तुम्हीच ठेवायची. मुलगी तेव्हा सावर्ड्यात असेल.